मदतीची पावती

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. दोन-तीन दिवसांत आमच्या पुण्यातल्या ऑफिसमध्ये मेल फिरली: तुम्ही जेवढे पैसे द्याल तेवढेच कंपनीही घालणार. मी पैसे भरले, पावती मेलवर आली, विषय अर्ध्या मिनिटात संपला. नंतर मात्र मी तुर्कस्तानाबद्दल वाचत बसलो. त्यात कळलं की २०१८ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तिथल्या सरकारनं बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून घेण्याची योजना आणली होती. नियम धाब्यावर बसवून उभ्या राहिलेल्या लाखो इमारती तेव्हा कागदोपत्री कायदेशीर झाल्या. हे वाचल्यावर 'भूकंपानं माणसं मारली' हे वाक्य मला अपुरं वाटायला लागलं. जमीन हलली हे खरंच, पण माणसं छताखाली मेली, आणि छतांना सही-शिक्का कुणीतरी दिलेला होता.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की आधी तो चालू करतात आणि मग का पडला ते शोधायला बसतात. दोन्ही कामं लागतात. नुसतं चालू करत राहिलं तर तो पुन्हा पडतो, आणि नुसतं शोधत बसलं तर तोवर गिऱ्हाईक निघून जातं. मदत आणि वाचन यांचं नातं मला साधारण असंच वाटतं. पण ही तुलना एका जागी तोकडी पडते. सर्व्हरला आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय याची फिकीर नसते. माणसांना असते.

हे मला सुचायचं कारण म्हणजे मी पंढरपूरचा. आज आमच्या जिल्ह्यातली माझ्यासारखी पोरं मोबाइलवरून परदेशात मदत पाठवतात. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी 'आपद्ग्रस्त देश' म्हणजे आम्ही होतो. आमच्यासाठी लंडनमध्ये वर्गणी गोळा होत होती, न्यूयॉर्कहून धान्याचं जहाज निघत होतं, आमच्या हाडांचे फोटो काढले जात होते. तेव्हा आम्हाला कुणी काय दिलं आणि आमच्याबद्दल कुणी काय वाचलं, ते बघितलं तर देणाऱ्यानं काय करावं हेही थोडंफार कळतं.

कोठार आणि बालकाश्रम

पंढरपुरात वाढलेल्या पोराला दुष्काळ आधी गोष्टीतून भेटतो. पंचवीसएक किलोमीटरवर मंगळवेढं. तिथले दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याचं कोठार लोकांना खुलं केलं. बादशहानं पकडून आणायला माणसं पाठवली. तेवढ्यात विठू महार नावाचा कुणीएक दरबारात आला, धान्याची सगळी किंमत मोजून देऊन पावती घेऊन गेला. हा विठू म्हणजे साक्षात विठ्ठल. महिपतींच्या 'भक्तिविजया'त ही कथा आहे, आणि कीर्तनात ती शेकडो वेळा ऐकलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत.

मोठेपणी ही गोष्ट पुन्हा आठवली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे देवालासुद्धा पावती घ्यावी लागली. दुसरी जास्त गंभीर: माणसं मरत होती तेव्हा कोठार भरलेलं होतं. धान्य होतंच. ते भुकेल्याच्या ताटापर्यंत पोचायला एका अधिकाऱ्यानं जीव धोक्यात घालणं आणि देवानं हिशोब चुकता करणं आवश्यक ठरलं. दामाजींच्या दयेपुढे आपण हात जोडतो, पण भरलेल्या कोठाराबद्दल कीर्तनात फारसं कुणी विचारत नाही.

१८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनवर जो दुष्काळ आला, त्यात दामाजी नव्हते. पंढरपुरात एक संस्था मात्र होती. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला. त्या समाजातले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ पंढरपुरात न्यायाधीश होते. क्षेत्राचं गाव म्हणून इथे देशभरातून विधवा येत, आणि लोकलज्जेपायी नवजात अर्भकं टाकून दिली जात. या बाळांचे जीव वाचावेत म्हणून १८७५ साली इथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. लगेच पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि अनाथ मुलांचा प्रश्न उभा राहिला. संस्थेच्या कामात अनाथाश्रमाचीही भर पडली. पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचं नाव मिळालेला हा बालकाश्रम पंढरपुरात पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

या बालकाश्रमाबद्दल लिहिताना 'दानधर्मानं मूळ प्रश्न सुटत नाहीत' असलं शहाणपण माझ्याच्यानं सांगवत नाही. ज्या बाळाला त्या रात्री दूध मिळालं, त्याला मूळ कारणाच्या शोधापर्यंत थांबता येणार नव्हतं. त्याच दुष्काळात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. जुन्नर भागातून सावित्रीबाई जोतीरावांना पत्रातून तिथली हलाखी कळवत होत्या. हे सगळं 'आधी चालू करा' या जातीचं काम होतं, आणि ते कुणीतरी करायलाच हवं होतं.

एक पौंड धान्य

आता आकडे. १८७२ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख १९ हजारांच्या घरात होती. १८८१ च्या जनगणनेत ती ५ लाख ८२ हजारांवर आली. नऊ वर्षांत साधारण पाचातला एक माणूस कमी. सगळेच मेले असं नाही. कित्येक जण गुरंढोरं घेऊन निजामाच्या मुलखात किंवा वऱ्हाडाकडे निघून गेले. पण वर्गातल्या पाच बाकांपैकी एक बाक रिकामा झाला असं डोळ्यांपुढे आणलं की आकडा कळतो.

गंमत अशी की रेल्वे सोलापुरात १८६० सालीच पोचली होती. धान्य हलवायचं साधन होतं, आणि हिंदुस्थानातून गहू विलायतेला जाणं दुष्काळातही थांबलं नव्हतं. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' घोषित करणारा मोठा दरबार भरला. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांच्या पाहणीवर पाठवण्यात आलं. खर्च आटोक्यात ठेवणं हे त्यांचं काम. दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, धान्य येईल एवढे आणि वर जरासे पैसे पुरेत, असं त्यांनी ठरवलं. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला जाहीर विरोध केला. मुंबई इलाख्यात विरोध मजुरांनीच केला. मजुरी कापल्यावर हजारो लोक काम टाकून निघून गेले. उपाशी माणसानं संप करावा ही घटना आपल्या शाळेच्या पुस्तकांत मला तरी भेटली नव्हती.

पंढरपूरहून फार लांब नसलेला, मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला. आज त्यावर पक्षी बघायला लोक जातात. त्याच्या बांधावर उभं राहिलं की हा ढीग कुणी आणि केवढ्या भाकरीवर रचला असेल, हा प्रश्न पडतो. तलावाची मापं दप्तरात सापडतात. टोपल्या वाहणाऱ्यांची नावं सापडत नाहीत.

या सगळ्याची नोंद ठेवणारी एक एतद्देशीय संस्था होती: पुण्याची सार्वजनिक सभा. १८७० साली 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी यांनी ती उभी केली आणि न्यायमूर्ती रानड्यांचं डोकं तिच्यामागे होतं. दुष्काळ पडल्यावर सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली. पिकं किती गेली, भाव काय झाले, माणसं कुठे निघाली, कामावर मजुरी किती मिळते, हे सगळं एकत्र करून सभा सरकारकडे अर्ज पाठवत राहिली. मला सभेचं हे काम त्या काळातल्या कुठल्याही अन्नछत्राइतकं मोलाचं वाटतं. भुकेल्या मुलखानं स्वतःबद्दल स्वतः लिहायला सुरुवात केली होती. त्याशिवाय दूरवरच्या माणसाला वाचायला काय मिळणार? फक्त साहेबाचा अहवाल.

किंवा फोटो. याच दुष्काळात विलोबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं मद्रास भागात उपाशी माणसांना रांगेत बसवून त्यांची छायाचित्रं काढली. बरगड्या, खोल गेलेले डोळे, मांडीवर मूल. ती छायाचित्रं आजही पाहवत नाहीत, आणि त्यांनी विलायतेत अनेकांचे खिसे सैल केले असतील. पण त्या फोटोतला माणूस शेतकरी होता की कोष्टी, त्याच्यावर कर्ज किती होतं, त्यानं कामावरून संप केला होता का, यातलं काहीच फोटो सांगत नाही. फोटोतला माणूस नुसता उपाशी असतो.

न आलेली वाचक

दूरवर बसून आपल्याबद्दल वाचणारी एक व्यक्ती मात्र अशी होती की तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. आपल्याला ती क्रिमियाच्या युद्धातली दिवा घेतलेली बाई म्हणून माहीत असते. त्या युद्धानंतरची तिची कितीतरी वर्षं आजारपणात, लंडनच्या घरात, हिंदुस्थानावरच्या कागदपत्रांच्या ढिगात गेली. ती हिंदुस्थानात एकदाही आली नाही.

तिच्या वाचनाचा प्रवास फार बोलका आहे. १८६० च्या आसपास तिचा प्रश्न होता, हिंदुस्थानातले इंग्रज सैनिक छावण्यांत रोगांनी एवढे का मरतात? त्यासाठी तिनं छावण्या-छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवल्या आणि आलेली उत्तरं पिंजून काढली. तिथून लक्षात आलं की छावणीच्या गटारांचा प्रश्न शेजारच्या गावाच्या गटारांपासून वेगळा करता येत नाही. गावाच्या पाण्यावरून ती कालव्यांकडे वळली. दुष्काळ पडल्यावर, नुसत्या पाण्यानंही भागत नाही, शेतकरी सावकाराच्या आणि सरकारी साऱ्याच्या कात्रीत सापडलाय, हे तिच्या ध्यानात आलं. ऑगस्ट १८७८ मध्ये 'नाइन्टीन्थ सेंच्युरी' या मासिकात तिनं 'द पीपल ऑफ इंडिया' हा लेख लिहिला. त्यात दुष्काळाबरोबर दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा प्रश्न आहे, आणि इंग्रज जनतेला या लोकांची पर्वा नाही अशी थेट तक्रार आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. म्हणजे पुण्यात बसून लोकांनी जे लिहिलं ते वाचणारं एक माणूस लंडनमध्ये होतं.

सैनिक, गटार, पाणी, कर्ज. वीस वर्षांच्या वाचनात तिचा प्रश्न असा तीन वेळा बदलला. मला वाचनाचा खरा उपयोग इथे दिसतो. माहिती वाढते ते ठीकच. पण आपण विचारत होतो तो प्रश्नच अपुरा होता हे कळणं जास्त महत्त्वाचं. तिच्या मर्यादाही होत्या. साम्राज्य असावं की नसावं हा प्रश्न काही तिला पडला नाही, ते नीट चालावं एवढीच तिची धडपड होती. तरी एकदाही इथे पाऊल न ठेवता ती इथे नोकरी करून पेन्शन घेणाऱ्या अनेकांपेक्षा खोलवर पोचली.

१८७९ साली पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक मदत कायदा झाला. त्यामागे मुख्य कारण १८७५ चे सावकारांविरुद्धचे दंगे होते. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. दुष्काळात आधी शेतीचं काम थांबतं, काम थांबलं की मजुरी थांबते, आणि मजुरी नसलेल्या माणसाला बाजारातलं धान्य घेता येत नाही, ही साखळी त्या अहवालानं मांडली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स'मध्ये धान्याच्या साठ्याऐवजी धान्यावरच्या माणसाच्या हक्काकडे बघा असं सांगितलं, त्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. कोठार भरलेलं असताना माणसं का मरतात, हा मंगळवेढ्याचा प्रश्न अखेर सरकारी कागदावर आला होता.

इंग्रजीतून मराठीत

आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. कधी कामं काढायची, मजुरी किती द्यायची, सारा कधी तहकूब करायचा, याचे नियम आले. अडचण एवढीच की नियम इंग्रजीत होते आणि उपाशी माणूस मराठीत. १८९६ साली पुन्हा पाऊस हुकला तेव्हा सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे होती. सभेनं आणि 'केसरी'नं या नियमांची माहिती मराठीत छापून गावोगाव पोचवली. सभेचे कार्यकर्ते ती लोकांना समजावून सांगत. पीक गेलं असेल तर सारा भरण्यासाठी कर्ज काढू नका, गुरं विकू नका, कामं मागा, ती तुमच्या हक्काची आहेत. सरकारनं सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले भरले आणि १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली. अन्नछत्र चालवलं म्हणून सरकारनं एवढा राग धरल्याचं ऐकिवात नाही. सरकारचाच नियम लोकांना वाचून दाखवला, याचा मात्र आला.

सोलापूरचा या कथेत खास भाग आहे. इथले विणकर शेतकरी नव्हते, त्यामुळे खडी फोडण्याच्या कामावर ते निरुपयोगी. बोटं खडबडीत झाली की पुन्हा मागावर बसणं कठीण. त्यांना त्यांच्याच धंद्यातून काम मिळावं म्हणून टिळकांनी सोलापुरात येऊन स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर योजना आखली आणि सरकारची साथ मागितली. सरकारनं ती दिली नाही. उपाशी माणसाला काय द्यायचं हे ठरवण्याआधी त्याचे हात कशाला सरावलेत ते बघावं, एवढी साधी गोष्ट त्या योजनेत होती.

मका आणि मिलो

१८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकानं वाचकांकडून पैसे गोळा केले. मे १९०० मध्ये 'क्विटो' नावाचं जहाज सुमारे ५ हजार टन मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघालं. ज्यांनी हिंदुस्थान नकाशातच पाहिला होता, त्या लोकांनी पै-पैसा घातला. या गोष्टीचं मोठेपण कमी करण्याचं काही कारण नाही.

अमेरिकेचं धान्य आमच्या घरात आलं ते मात्र १९७२ च्या दुष्काळात. तांबडा मिलो. माझी आजी तेव्हा पंचविशीची होती. तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली, कामावर मिळणारी सुखडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली, आणि मिलोची भाकरी थापली. मी तिला त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, "गुरं बी तोंड लावत नव्हती बाबा त्याला. पर खाल्ली. न खाऊन सांगती कुणाला?" तिच्या बोलण्यात ना कृतज्ञता होती, ना तक्रार. मग जरा थांबून तिनं एक गोष्ट अभिमानानं सांगितली. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून बायकांनी मिळून तहसील कचेरीवर मोर्चा नेला होता, आणि ती त्यात पुढे होती. मी मिलोबद्दल विचारत होतो आणि तिला मोर्चाबद्दल सांगायचं होतं.

मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल अतोनात झाले, पण १८७७ सारखा संहार झाला नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगावच्या बाजूला लहान प्रमाणावर करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळानंतर राज्यभर आली. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम. पुढे २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. 'एक पौंड पुरे' पासून 'काम मागणं हा हक्क आहे' इथवर यायला शंभर वर्षं लागली. त्या वाटेवर अन्नछत्रं होती, जहाजं होती, आणि लिहिणारे-वाचणारे होते. काम टाकून निघून गेलेले १८७७ चे मजूर आणि तहसीलवर गेलेल्या बायकाही होत्या. त्यांना मदत करणाऱ्यांच्या यादीत आपण सहसा धरत नाही.

रोजगार हमीला पैसा उभा करायला महाराष्ट्रानं १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा. माझ्या पगाराच्या स्लिपवर तो दर महिन्याला कापलेला दिसतो: २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. अनेक वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली असेल. कंपनीतले आम्ही सगळे तिला 'पीटी' म्हणतो आणि कर वाचवायच्या गप्पांत तिचा उल्लेखसुद्धा करत नाही, कारण रक्कम फारच किरकोळ. पण विचार केला तर ही ओळ म्हणजे दामाजींचं कोठार कायद्यानं उघडं ठेवण्याची किल्ली आहे. कुणाला दया यावी लागत नाही, कुणाचा फोटो काढावा लागत नाही, देवाला वेश पालटून पैसे मोजायला यावं लागत नाही.

पुढच्या वेळी कुठल्याशा देशात जमीन हलेल किंवा पाऊस जाईल, तेव्हा मी पैसे देईनच. आधी पैसे, त्यात खळखळ नको. पण त्यानंतर त्या देशातली माणसं स्वतःबद्दल काय लिहितायत ते शोधीन. तिथे कुणाची सार्वजनिक सभा आहे, कुणाची मजुरी कापली गेली, कुठलं कोठार भरलेलं होतं, कुणी मोर्चा काढला. कारण त्या देशातही कुणाची तरी आजी असणार. पन्नास वर्षांनी नातू जेव्हा तिला आपण पाठवलेल्या धान्याबद्दल विचारील, तेव्हा तिला भलतंच काहीतरी सांगायचं असेल.